तारांची पत्रिका

दोन तारा एकमेकींना शोभतात की नाही, या काळजीने ज्याला जेवण जात नाही असा माणूस अख्ख्या ठाणे-कल्याण पट्ट्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. तसा माणूस सोन्यासारखा. पण डोंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरलं की पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी सूचना मिळे, "जरा तारेवरून पाय!" रेडिओचा सेट त्यांनी स्वतः बांधला होता. व्हॉल्व्ह एका दुकानातले, ट्रान्सफॉर्मर दुसऱ्यातला, स्पीकर लढाईतून उरलेल्या मालातला. आणि या परक्या मंडळींनी एकत्र नांदायचं तर गुण जुळायला हवेत, असा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी एक वही होती. तीत प्रत्येक वस्तूची पत्रिका. स्पीकर नीट बोलेना की ते वही मिटून गंभीरपणे म्हणत, "एकनाड आहे. नाही जुळायचं." तारेलासुद्धा उसासारखा बुडखा आणि शेंडा असतो, ती उलटी जोडली तर गवयाला पडसं झाल्यासारखं वाटतं, हे त्यांनी मला अनेकदा ऐकवून दाखवलं. मला दोन्हीकडून सारखंच ऐकू येई, पण नात्याला जागून मी मान डोलवत असे. खर्ज घुमावा म्हणून स्पीकर रांजणाच्या तोंडावर बसवला होता, आणि त्या दिवसापासून माझी मेहुणी पिण्याचं पाणी घागरींत भरून ठेवू लागली होती.

ही भाषा घरात होती तोवर ठीक होतं. कल्याणला एका लग्नात मांडवाचे दोन कर्णे कुईंकुईं करू लागले. आमचे साडू अक्षता टाकून थेट लाउडस्पीकरवाल्याकडे गेले, वाकून तारा पाहिल्या आणि भर मांडवात ओरडले, "अहो, यांची एकनाड आहे! कोणी जुळवलं हे?" मंगलाष्टकं थांबली. वधूपिता मटकन खाली बसला. वरमाय भटजींच्या अंगावर धावून गेली, भटजी घाबरून पंचांग चाळू लागले आणि साडू मात्र "बोटभर तांब्याची तार आहे का कोणाकडे?" म्हणून विचारत हिंडत होते. पुढे बराच काळ आम्हां दोघांना कल्याणकडची आमंत्रणं बेतानेच येत.

अशात त्यांच्या मुलीला रेडिओवर पंधरा मिनिटांचं गाणं मिळालं. पहिलंच. सकाळी साडेआठला. तेव्हा गाणाऱ्याने तिथे गायचं आणि ऐकणाऱ्याने त्याच क्षणी इथे ऐकायचं. हुकलं ते हुकलंच. तालमीसाठी मायलेकी पाच दिवस आधीच दादरला नातेवाइकांकडे गेल्या. साडू गेले नाहीत. "तिथे गायला ती आहे. इथे नीट ऐकायला कोण आहे?" असं त्यांनी बायकोला सुनावलं म्हणे.

गाण्याच्या आदल्या संध्याकाळी ठाण्याला माझ्या नावाचं कार्ड आलं. त्यात एकच ओळ: "परवापासून घरघर लागली आहे. ताबडतोब निघून या." माझ्या बायकोने कार्ड वाचून हंबरडा फोडला. त्या रात्री गाड्या बंद होत्या, म्हणून मी पहाटेच्या गाडीने, तोंडात गंगाजल घालण्याच्या तयारीनेच डोंबिवलीला पोचलो, तर साडू चार दिवसांची दाढी वाढवून तारांच्या गुंत्यात बसलेले आणि घरघर लागली होती ती रेडिओला. मला रागवायचं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून धीर झाला नाही. "सगळं बदलून पाहिलं हो," ते म्हणाले, "व्हॉल्व्ह बदलले, तार उलटी केली, सुलटी केली. पोरीचा आवाज या घरघरीत बुडणार. मी बाप असून मलाच ऐकू येणार नाही." घड्याळात साडेसात झाले होते.

आठ वाजले, सव्वाआठ झाले, घरघर तशीच. मी तारा धरत होतो, ते वही चाळत होते. तेवढ्यात अंगणातून घरमालकीण आगरी बाईचा आवाज आला, "आवो भाव, तुलस करपली ना! बाय घरान नाय तं पानी कोन घालनार?" आणि त्या माउलीने आपल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी वृंदावनात ओतलं. घरात घरघर थांबली.

साडू उडालेच. सेटची एक तार जमिनीत पुरावी लागते आणि ती माती ओली असावी लागते. अंगणात कायम ओली माती म्हणून त्यांनीच ती तुळशीच्या बुंध्याशी पुरली होती. माती कायम ओली कशाने राहते, हे मात्र वहीत नव्हतं. रोज न्हाऊन पाणी घालणारी बाई पाच दिवस दादरला होती.

ते तांब्या घेऊन अंगणात धावले. मला हुकूम झाला, "तुम्ही आत बसा, मी ओतत राहतो." साडेआठ वाजले. पोरीचं नाव पुकारलं गेलं. तंबोरा स्वच्छ वाजू लागला, आणि पहिलाच सूर आला तो थरथरत. खिडकीशी साडूंचं तोंड दिसलं, पांढरंफटक. "तार हलतेय! बघा, तार हलतेय!"

"तार नाही हो," मी म्हणालो. "पोरगी घाबरलीय."

ते तसेच उभे राहिले. तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं. त्या थरथरीला इथून काही जोडता येत नव्हतं, काही काढता येत नव्हतं. त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "मग आता मी काय करू?"

"काही नाही. ऐका."

ते पायरीवर टेकले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. इतक्या वर्षांत या माणसाला मी कधी गाणं ऐकताना पाहिलं नव्हतं, आवाज तपासतानाच पाहिलं होतं. मला एकदम फार वाईट वाटलं. अंतऱ्यापाशी पोरगी सावरली. साडू मात्र गाणं संपलं, पुढे बाजारभाव सुरू झाले, तरी सावरले नव्हते.