हेडमास्तरांच्या मापाची कविता

पुरुषांचे कोट शिवणाऱ्या शिंपीणबाई कविताही करायच्या, हाताला लागेल त्या कागदावर. 'माझ्या आत एक पुरुष राहतो' ही कविता त्यांनी हेडमास्तरांच्या कोटाची मापं लिहिलेल्या कागदावर उतरवली आणि तशीच मासिकाला धाडली. संपादक कसले दिवटे! त्यांनी मापांसकट छापली. पहिलीच ओळ, 'छाती बेचाळीस, पोट शेहेचाळीस.'

झालं! एक समीक्षक थेट दुकानात हजर. "बाई, काय हे धाडस! आतल्या पुरुषाला तुम्ही चक्क देह दिलात!"

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "अहो, ते पोट हेडमास्तरांचं. माझ्या आतला पुरुष दिवसभर माझ्याबरोबर मशीन मारतो, घरी जाऊन भांडी घासतो. त्याचं कुठलं पोट सुटतंय?"