जुई संपलेली खिडकी

निवृत्तीला सहा आठवडे उरले असताना खिडकी नंबर चारवरच्या बाईंनी सख्ख्या नातीचं नाव नोंदवायला नकार दिला. नाव होतं जुई. नात अकरा दिवसांची होती, तिला या कशाचं सोयरसुतक नव्हतं. तिच्या आईला मात्र होतं, आणि ती आई म्हणजे बाईंची एकुलती एक लेक.

नोंदणी कार्यालयात खिडकी एकवर मृत्यू, दोनवर लग्नं, तीन कायमची बंद आणि चारवर जन्म अशी उलटी व्यवस्था होती. ती कुणी लावली हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं कुठल्या खिडकीवर हेच कुणाला माहीत नव्हतं. चारवर एकतीस वर्षं बाईच बसत आल्या होत्या. शहरात जन्मलेलं प्रत्येक पोर कागदावर यायचं ते त्यांच्या हातून. कार्यालयात त्यांना माळीणबाई म्हणत. खरं तर त्यांच्या घरी कुंडीतलं एक रोप महिनाभर जगलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

हे नाव पडलं त्यांच्या एका खोडीमुळे. मुलीला फुलाचं नाव ठेवायचं असेल तर एक फूल एकाच मुलीला मिळायचं. दुसरी आली की बाई टेबलाच्या खणातली वही काढत, बोट खाली खाली नेत आणि मान हलवत म्हणत, "संपलंय."

लोकांना वाटायचं सरकारी नियम आहे. सरकारचे याहून विचित्र नियम त्यांनी निमूट पाळले होते, त्यामुळे कुणी हुज्जत घातली नाही. उलट सातव्या महिन्यातल्या बायका खिडकीशी येऊन हळूच विचारायच्या, "शेवंती आहे का हो शिल्लक?" असा नियम कुठेही नव्हता. तो बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता आणि तोंडावरची रेष न हलवता एकतीस वर्षं रेटला होता.

त्यामागे दुखणं होतं. शाळेत बाईंच्या वर्गात त्यांच्याच नावाच्या पाच जणी होत्या. ते नाव इथे सांगत नाही, कारण सांगितलं तर वाचणाऱ्यांपैकी चार जणी 'ओ' देतील. मास्तरांनी सोपा उपाय काढला आणि पाचींना नंबर दिले. बाई झाल्या तीननंबर. पुढे चित्रकलेच्या स्पर्धेत चित्र काढलं तीननंबरने आणि बक्षीस गेलं दोननंबरला. रंगाची पेटी होती, बारा वड्यांची. दोननंबरने ती परत केली नाही, आणि बाईंनी दोननंबरला माफ केलं नाही. खिडकीवर पहिल्या दिवशी बसतानाच त्यांनी ठरवून टाकलं, आपल्या हातून कुठल्याही पोरीचा नंबर पडणार नाही.

आपल्या भाषेतली फुलं पाच वर्षांत संपली. मोगरा गेला, अबोली गेली, बकुळ तर जुळ्या बहिणींपैकी कुणाला द्यायची या घरच्यांच्या भांडणात गेली. मग बाईंनी परदेशी माल मागवायला सुरुवात केली. गालिचे विकणाऱ्याने त्यांना तुर्की लाले दिली, म्हणजे ट्युलिप. इस्पितळातल्या एका पाहुण्या परिचारिकेकडून जपानी सायुरी मिळाली, ती लिली. फारसीतून नस्तरन आली, ते रानगुलाबाचं फूल. ग्रीकांकडून ऱ्होडा उचलली, तीही गुलाबच, पण परदेशातली असल्याने वहीत वेगळी धरली. हंगेरीत पोरीचं नाव विराग ठेवतात आणि अर्थ होतो फूल, हे कळल्यावर बाई हरखल्या. आपल्याकडे त्या नावाची पोरगी दहावीनंतर संन्यास घेईल, असं लग्नाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला. बाईंनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला आणि विराग एका शिंप्याच्या मुलीला देऊन टाकली.

स्वतःला मुलगी झाली तेव्हा बाई दाढ काढायला गेल्या होत्या. म्हणजे मुलगी आधी झाली, दाढ नंतर, पण नाव मिळालं ते दंतवैद्याच्या टेबलावरच्या एका फाटक्या मासिकात. ब्लोद्वेन. वेल्श भाषेत पांढरं फूल. अर्धं तोंड बधिर असतानाच बाईंनी ते नाव पक्कं केलं, आणि बधिरपणा उतरल्यावरही बदललं नाही, ही त्यांची खासियत.

ती ब्लोद्वेन आता खिडकीच्या पलीकडे उभी होती. खांद्यावर जुई, मागे अकरा माणसांची रांग. जावई गाडी लावायला जागा शोधत होता आणि सासूला पुरता ओळखून असल्यामुळे ती जागा त्याला लवकर सापडत नव्हती.

बाईंनी वही काढली. "जुई संपलीय. बस कंडक्टरची मुलगी. अठ्ठावीस वर्षं झाली."

"मला माहितीय," लेक म्हणाली.

"लान घे. व्हिएतनामी आहे, ऑर्किड. सुटसुटीत आहे बघ. किंवा लोरे घे. बास्क भाषेत फूल."

"आई, जुई लिही."

"अगं, संपलीय म्हणतेय ना. नियम सगळ्यांना सारखा. आपल्या घरची म्हणून मी..."

"असा नियमच नाहीये, आई." लेक काही ओरडून बोलली नाही, पण रांगेतल्या शेवटच्या माणसाने वर्तमानपत्र खाली घेतलं. "तुलाही माहितीय आणि मलाही. कुठल्याही कायद्यात नाही."

रांगेत कुजबुज झाली. एक जाडशी बाई पुढे सरकली. ती पिठाची गिरणी चालवायची आणि दुसऱ्या मुलाचा दाखला घ्यायला आली होती. "म्हणजे? माझ्या थोरलीचं नाव गुलाब ठेवायचं होतं मला. तुम्ही म्हणालात संपलंय आणि ती ऱ्होडा गळ्यात मारलीत. अख्खी गल्ली तिला रोडी म्हणते हो."

"ग्रीक गुलाब आहे तो," बाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. एकतीस वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली होती, आणि घालवणारी पोटची पोर होती. त्यांना भयंकर राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, की आज ही 'जुई' लिहिली तर आजवर केलं ते सगळं फुकट गेलं.

"तुला वर्गात नंबर पडला असता तर कळलं असतं," त्या म्हणाल्या. "मी तुला असं नाव दिलं की शहरात दुसरी नाही."

"नाहीच ना. शाळेतल्या बाई हजेरी घेताना एका नावाशी थांबायच्या. त्या थांबल्या की मी ओळखायचे, आता मी. त्यांनी नाव घ्यायच्या आत 'हजर' म्हणून टाकायचे. दहा वर्षं, आई. माझं नाव शाळेत कुणी पुरतं घेतलंच नाही. आणि घरी तू बबी म्हणायचीस."

हे खरं होतं. त्यांना स्वतःलाही ते नाव घाईत जमायचं नाही.

"मला हे कधी सांगितलं नाहीस तू."

"तू इतकी खूश होतीस त्या नावावर." लेकीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "हिला कुणी हाक मारावी आणि चुकून दुसरीच कुणी वळावी, एवढंच हवंय मला. मग दोघी हसतील, बोलतील. मी कायम एकटीच वळले."

बाईंनी अर्ज ओढला आणि लिहायला घेतलं. लिहून झालं की नोंद मोठ्याने वाचून दाखवायची, हा मात्र खरोखरचा नियम होता आणि तो बाईंनी कधीच चुकवला नव्हता.

"मुलीचं नाव, जुई," त्यांनी वाचलं. "आईचं नाव, ब्लो..." त्या अडखळल्या. लेकीने काहीच मदत केली नाही. बाईंनी चष्मा वर केला, श्वास घेतला आणि भरल्या कार्यालयात स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ब्लोद्वेन. बरोबर?"

"बरोबर," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. बाईंचेही, पण त्यांनी ते खाकरण्यात निभावून नेलं आणि शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

पुढचा नंबर एका रंगाऱ्याचा होता. अंगावरचे कपडे चुन्याने माखलेले, हातात अर्ज, आणि अर्जावर नावाची जागा कोरी. मुलगी पाच दिवसांची होती. तो एकदा बाईंकडे, एकदा लेकीच्या खांद्यावरच्या गाठोड्याकडे बघून चाचरत म्हणाला, "नियम नाहीये म्हणताय, तर... आमचीही जुईच लिहिली तर चालेल का?"

'संपलंय' सवयीने बाईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"राहता कुठे?"

"इथेच. पाण्याच्या टाकीमागे."

"म्हणजे आमच्या जुईच्या घराजवळच. शाळा एकच पडेल दोघींना," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.