वसंतपंचमीला चार दिवस होते

पाण्यावाचून कुणाचे काही अडत नाही, असे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. अमरावतीहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर त्यांचे गाव. तिथे विहिरीच्या कडेने मामांनी संत्र्याची साठ झाडे लावलेली. कलमे त्यांनी नागपुराकडून ओल्या गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या लेकराला आणावे तशी मांडीवर घेऊन आणली होती, असे मामी सांगत. इतक्या लाडाने आणलेल्या झाडांचे पाणी पौष लागला की मामा स्वतःच तोडत. मोट बंद, बैल दावणीला. मग झाडांभोवतीची आळी उकरून मुळ्या उघड्या करायच्या, सुकल्या फांद्या छाटायच्या, आणि पाने कोमेजून वळायला लागली तरी थेंब द्यायचा नाही. याला ते ताण देणे म्हणत. वसंतपंचमीला शेणखत घालून पाणी सोडले की झाड फुलांनी लगडते, असा त्यांचा सिद्धांत होता. "तहानल्याबिगर झाड फुलत नाई, जवाईबुवा," ते म्हणत. "पोट भरलेला माणूस भजन करते काय?"

हा सिद्धांत झाडांपुरता राहिला असता तर माझी तक्रार नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा धुळीने घसा कोरडा पडला होता. मामांनी गाडीतून उतरवून घेतले ते थेट बागेत नेले आणि साठही झाडांची एकेक करून ओळख करून दिली. मामी पाण्याचा गडू घेऊन मागोमाग येत होत्या. "अवो, जवायाले पाणी तं घेऊ द्या," त्या शेवटी म्हणाल्या. मामांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "थांब वं. अजून कोमेजले नाईत." रोज सकाळी एकेका झाडाचे पान कानाशी धरून ते चुरगाळत आणि आवाजावरून ताण किती झाला ते ठरवत. मलाही ऐकायला लावत. मला कधी काही ऐकू आले नाही, पण सरकारी शाळेत मास्तर असल्यामुळे नाही म्हणायची सवय नव्हती.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्या पायी कापूस सोन्याच्या भावाने जाऊन आमच्या वऱ्हाडात माणसे वेडी झाली होती. ज्याने त्याने गुरांच्या पडीत जमिनीलाही नांगर लावला. परसात वांगी होती तिथे कपाशी आली. मामांचे थोरले बंधू, ज्यांना सारे गाव दादा म्हणे, ते तर झोपेतही वेचणी करत असावेत. जमीन दोघा भावांची एकत्र आणि शब्द दादांचा चाले. साठ झाडांनी अडवलेली ती विहिरीकाठची काळीशार माती त्यांच्या डोळ्यांत सलत होती. दोन वर्षे झाडांना बहार आला नव्हता. त्या पौषात दादांनी ओसरीवर सगळ्यांदेखत सांगून टाकले, "होळीले मी पाहाले येतो. फूल दिसलं तं बाग तुही. नाई दिसलं तं कुऱ्हाड लावतो न कपाशी पेरतो." मामा फक्त "बरं, दादा" म्हणाले.

माणूस त्या दिवसापासून बदलला. बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. आभाळाचे भय मात्र वाढले. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून ताण सव्वा महिना लागतो, आणि त्यात माघातली एक सर आली की सारे मुसळ केरात. झाडाची तहान भागते, नुसती पालवी फुटते, फूल येत नाही. तेव्हा मामांनी आळी झाकायला पांघरुणे जमवायचा सपाटा लावला. घरातली घोंगडी, गोणपाट, तट्टे, मामींच्या दोन गोधड्या, आणि मी भेटीला गेलो तेव्हा माझी शाल, सगळे झाडांखाली जाऊन बसले. मी थंडीत कुडकुडत परत आलो. पुढल्या सुट्टीत पुन्हा गेलो तो खरे सांगायचे तर शाल आणायला.

वसंतपंचमीला चार दिवस होते. दुपारी जेवून उठतो तो पश्चिमेकडून आभाळ भरून आले. वारा एकदम पडला. मामा आधीच बागेत होते आणि साठही आळी झाकून प्रत्येक पांघरुणावर दगड ठेवत होते. मीही धावलो. आळी भिजली तर होळीला काय होणार ते मला ठाऊक होते. शेवटचे आळे झाकून आम्ही कंबर सरळ केली, तेव्हा कुंपणापलीकडे खळ्यात दादा दिसले.

वर्षाचा सगळा कापूस तिथे उघड्यावर पडला होता. गाड्या दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या पेठेत जायच्या होत्या. दादांजवळ झाकायला होती ती जाडीभरडी चवाळी अर्ध्या ढिगालाही पुरत नव्हती, आणि ते एक टोक ओढत तर दुसरे उघडे पडत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले. झाकलेल्या झाडांकडे पाहिले. मग मान फिरवली आणि पुन्हा चवाळे ओढू लागले. मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

मामाही तिकडेच पाहत होते. त्यांच्या तोंडाकडे पाहायचा मला धीर झाला नाही. पहिला थेंब माझ्या मनगटावर पडला तेव्हा ते वाकले आणि जवळच्या झाडाचे घोंगडे त्यांनी उचलले.

"मामा, काय करून राहिले तुम्ही?" मी म्हणालो. घाबरलो की माझ्याही तोंडी तिकडचे बोलणे येई.

"उचला, जवाईबुवा," ते म्हणाले. "त्या कापसावर सगळ्या घराचं वर्ष हाय. झाडं माह्या एकट्याची हायत."

साठ झाडे आम्ही उघडी केली. मामी आल्या, गडी आले. शेवटची गोधडी ढिगावर पडली आणि पावसाने गाठले. पाऊस तासभर पडला. कापूस कोरडा राहिला. मामा ओसरीवर न येता बागेतच भिजत उभे राहिले. उघड्या मुळ्यांवर पाणी साचताना ते पाहत होते आणि मला आयुष्यात कुणाचे इतके वाईट वाटले नाही.

होळीपर्यंत बाग अशी हिरवीगार झाली की वाटसरू थांबून पाहत. कोवळ्या पानांनी झाडे भरून गेली, आणि फूल म्हणाल तर एक नाही. ठरल्याप्रमाणे दादा आले. मागे दोन माणसे, खांद्यावर कुऱ्हाडी. दादा पहिल्या झाडापासून साठाव्या झाडापर्यंत एकटे हिंडून आले. मामा मोटेचे पाणी ओतले जाते त्या विहिरीच्या थारोळ्यावर बसून होते.

"फूल नाई," दादा म्हणाले.

"नाई, दादा."

दादांनी कुऱ्हाडवाल्यांना पुरणपोळी खाऊन जायला सांगितले. मग दुसरीकडेच पाहत म्हणाले, "पुढल्या पौषात मोट कधी बंद करायची थे मले सांगजो. झाकाले चवाळी मी देतो."

पुढच्या वर्षी बहार आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात पटकीच्या साथीत मामा गेले. पाणी मागत गेले, असे मामी सांगतात, आणि सांगताना त्यांना रडू आवरत नाही. मलाही आवरत नाही.

आता कापसाचा भाव उतरला आहे, पण दादा अजून बाग राखून आहेत. दर माघात त्यांची गाडी मला न्यायला येते. मामांनी ताणाची विद्या मला शिकवली, अशी त्यांची समजूत आहे, आणि ती मोडायचे धाडस मला होत नाही. आम्ही दोघे बागेत उभे राहतो. "मास्तर, सोडू काय पाणी?" ते हळूच विचारतात. मला त्यातले ओ की ठो कळत नाही. मी म्हणतो, "अजून थोडं थांबू या, दादा." आणि आम्ही थांबतो.