तिसरी हाक

गांडुळांच्या डब्यात हात घातला की एकटं गांडूळ कधी निघत नाही. एकाला ओढावं तर चार गुंता होऊन बाहेर येतात. आमच्या तळ्यावरच्या गोष्टींचं तसंच झालंय. मराठी लोकांच्या पिकनिकला कुणीतरी म्हणतं, "अप्पा, तो पराठ्याचा किस्सा सांगा," आणि मग मला गप्प करायला सूनबाईला चहा आणावा लागतो. मी चौथी नापास माणूस. सजवून सांगता येत नाही. पटलं तर ऐका, नाहीतर दार उघडंच आहे.

मी कॅनडात, कोक्विटलामला मुलाकडे असतो. नात इरा, नऊ वर्षांची. शेजारचा ओम तिच्यापेक्षा थोडा मोठा, आणि ओमची धाकटी बहीण सई. दर शनिवारी ओमचा बाप आम्हाला गाडीत कोंबून तळ्यावर नेतो आणि स्वतः गाडीत बसून ऑफिसच्या मीटिंगा करतो. पोरं गळ टाकतात. पोरांना लायसन लागत नाही, मला लागतं. म्हणून मी खुर्ची टाकून नुसता ओरडतो. ओरडायला अजून लायसन नाही!

*

ओमचा पहिला ट्राउट मासा निघाला तो कणकेच्या गोळीवर. हळद आणि हिंग घातलेली, त्याच्या आईच्या डब्यातला पराठा मळून केलेली. शेजारी एक गोरा म्हातारा महागडी काठी घेऊन सकाळपासून रिकामा बसलेला. ओमनं दुसरा काढला तेव्हा त्याला राहवेना. "What bait is that, son?"

"My mom's paratha."

पुढच्या शनिवारी म्हातारा इंडियन ग्रोसरीतून फ्रोजन पराठ्यांचं अख्खं पाकीट घेऊन आला!

बर्फासकट गळाला लावत होता, गाढव.

*

सईला एक खोड. भावाला हाक मारायची तर पूर्ण नाव नाही. "ओ! ओ!" करत पाण्याकडे तोंड करून ओरडायची. मला घाम फुटायचा. आमच्या गावच्या नदीवर असं करणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसायचा.

मी तिघांना समोर बसवलं. "पाण्यावर कुणी तुमचं नाव घेतलं तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं कुणी असेल तर दोनदाच मारतं. आणि ही बया कुणी हाक मारायच्या आधीच ओ देतीय!"

तिघं गंभीर झाली. मला वाटलं, चला, काहीतरी शिरलं डोक्यात.

ओम म्हणाला, "Appa, what if they text?"

*

एकदा खाडीच्या धक्क्यावर खेकडे धरायला गेलो. पिंजरा सईनं टाकला, दोरी सईनंच ओढली, कुणाला हात लावू दिला नाही. चांगला ताटाएवढा खेकडा! सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी बघतोय त्याच्या नांगीकडे. नांगीत लाल लोकरीचा हातमोजा. लहान पोराचा.

पिंजरा गळत होता. खेकडा गळत होता. मोजा हातात घेतला तर कोरडा ठणठणीत. आणि आतून गरम, आत्ताच कुणी काढून दिल्यासारखा.

ओमच्या बापाला दाखवला. त्यानं उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "वॉटरप्रूफ असेल."

शिकलेल्या माणसाला सगळं माहीत असतं!

*

आता इरा. दोन उन्हाळे झाले, तिला एक मासा लागला नाही. डावीकडे ओमला लागायचा, उजवीकडे सईला लागायचा, मधे ही दात आवळून बसलेली. रडायची नाही. गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करायची, ते मला दिसायचं.

पाण्याकडे बघून पुटपुटायची, "ये, फिश, ये."

मी म्हटलं, "या म्हण. मानानं बोलावलं तर येईल."

"माशाला पण?"

"माशाला पण. आणि आजोबाला आधी!" जन्मल्यापासून मला 'अप्पा, तू ये' करते. सूनबाईनं समजावलं, मी रागावलो, काही फरक नाही.

"You're not old, Appa. You're just loud."

मग उभी राहून तळ्यावर जोरात ओरडली, "ये!"

पलीकडच्या झाडीतून आवाज परत आला. "या."

घरी सांगितलं तर सूनबाई म्हणाली, "अप्पा, कानाचं मशीन बदलून घ्या."

*

मुलानं शेवटी ठरवलं. "हा शेवटचा शनिवार, अप्पा. मासे मिळत नाहीत, पोरगी हिरमुसते. पुढच्या आठवड्यापासून मॅथ क्लास." इरानं खिडकीकडे तोंड फिरवलं. आठवड्यातून तेवढाच एक दिवस ती माझ्या वाट्याला यायची.

त्या दिवशी तळ्यावर धुकं. पाणी कुठे संपतं ते दिसत नव्हतं. दुपारी इरानं काठी माझ्या हातात दिली. "Washroom." वॉशरूम आमच्या मागे, वर झाडीत. ती तिकडे गेली, मी बघितलं.

थोड्या वेळानं समोरून, पाण्याच्या बाजूनं हाक आली.

"अप्पा, इकडे या!"

आवाज इराचा. ओम उठला, तोंड उघडलं, मी त्याच्या तोंडावर हात दाबला. सई म्हणाली, "It's Ira!"

"इरा 'या' म्हणत नाही."

"अप्पा, या ना इकडे!"

पोरगी खरंच पाण्यात पडली असली तर? पाय निघाले होते माझे. पण जीभ दाताखाली धरली आणि तिसरी हाक ऐकायला थांबलो. आली नाही. मग मात्र काठी टाकून वॉशरूमकडे पळणार, तेवढ्यात समोरचं लव्हाळं हललं आणि इरा बाहेर आली. गुडघ्यापर्यंत ओली. दोन्ही हातांत ट्राउट, जिवंत, ओमच्या सगळ्या माशांपेक्षा मोठा.

"कसा धरलास?"

"बोलावला," ती म्हणाली.

घरी जल्लोष! मुलानं फोटो काढले, मॅथ क्लास कॅन्सल केला. सूनबाईनं रवा लावून तुकड्या तळल्या. मी खाली बेसमेंटमध्ये, माझ्या खोलीत बसलो होतो. वरून इराचा आवाज आला.

"अप्पा, जेवायला या!"

सूनबाई हसत ओरडली, "ऐकलंत का? शिकली बरं का शेवटी!"

"अप्पा, या ना!"

मी ओ दिली नाही. खुर्चीचा हात घट्ट धरून तिसरीची वाट बघत बसलो.