रेणू गोल करून बसतात

शुद्ध मराठीने माझी वाट लावली, असं मी पार्ल्यात म्हटलं तर मला कुणी चहासुद्धा विचारणार नाही. पण तुम्ही आपली माणसं, म्हणून सांगते.

भावाचं लग्न ठरलं आणि चारकोपच्या आमच्या वन रूम किचनमध्ये मी एकदम जास्तीची झाले. पार्ल्यात एका निवृत्त काकांकडे खोली मिळत होती. एजंट म्हणाला, "ताई, फक्त दारूचा विषय काढू नका." आईने वर बजावलं, "तिथे इंग्रजी फाडू नकोस. पार्लेकर शुद्ध बोलण्यावर भाळतात."

आणि माझं काम काय, तर दारूची वाफ. हसू नका. अल्कोहोलचे रेणू वाफेत एकमेकांना कसे चिकटतात, यावर मी संशोधन करते. आयुष्यात थेंब चाखलेला नाही, पण ते कोण विचारतं?

काकांनी विचारलं, "काय करतेस तू?"

मी घसा साफ केला. "संशोधन, काका. आधी अल्कोहोलची वाफ करायची. त्यात रेणू एकेक हिंडत असतात. जरा गारवा मिळाला की एकमेकांचा हात धरतात. आणि तीन-चार जण जमले ना, की रेणू गोल करून बसतात."

काकांचा कप तोंडाशीच थांबला. दारू आणि 'बसणं' एका वाक्यात आलं की मराठी माणूस काय समजतो, हे मला कळायला हवं होतं. तेवढ्यात आतून काकू आल्या.

"मी कधी गं बसले?"

काकूंचं नाव रेणू. दारावरच्या पाटीवर नुसतं काकांचं नाव, मला कुठून कळणार?

"मी भजनाला बसते, तेवढंच," काकू म्हणाल्या.

"भजनाला गोल करून कशाला बसायचं?" काका म्हणाले. "आणि हात कोणाचा धरता?"

एवढा मुरलेला संसार माझ्या वाफेने धुमसायला लागला. घाबरून मी शुद्ध मराठी सोडली. "काका, काकूंचं नाही ओ. मॉलिक्यूल. मी क्लस्टरवर काम करते, क्लस्टर."

काकांचा चेहरा उजळला. "मग मघाशीच सांगायचं ना. बिल्डरकडून की सोसायटीकडून?"

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जुन्या बिल्डिंगीतल्या माणसाला क्लस्टर म्हणजे एकच गोष्ट कळते. शेजारच्या चार बिल्डिंगी एकत्र पाडायच्या आणि टॉवर बांधायचा. तिथे माझ्या रेणूंना कोण विचारतो?

खरं सांगायची हीच वेळ होती. पण घरी होणाऱ्या वहिनीचं कपाट येऊन माझ्या झोपायच्या जागेवर उभं राहिलं होतं. मी म्हटलं, "मी न्यूट्रल आहे, काका." माझ्या रेणूंवर विद्युतभार नसतो, ते न्यूट्रलच; तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने ते खोटंही नव्हतं.

खोली मिळाली. वर रविवारी काका मला सोसायटीच्या मीटिंगला घेऊन गेले. "या आमच्या क्लस्टरच्या मॅडम." शेजारच्या बिल्डिंगींशी हातमिळवणी करायची की नाही, यावर दोन गट एकमेकांची उणीदुणी काढत होते. मला बोलायला उभं केलं. मला एकच विषय येतो, तोच बोलले.

"एकटं कोणी राहू नये. दोघं असले तरी टोकं मोकळीच राहतात. पण चौघांनी गोल करून एकमेकांचा हात धरला, की जमलं."

काय टाळ्या पडल्या सांगू! माझ्या प्रबंधाला गाईडने नुसती मान हलवली होती. विरोधी गटाचे पुढारी तर उठून शेजारच्या सेक्रेटरींना मिठी मारून आले.

चारही सोसायट्या एक झाल्या. आता काका-काकूंना टॉवरमध्ये मोठा फ्लॅट मिळणार. त्याआधी बिल्डिंग रिकामी करायची, आणि मालकांच्या आधी भाडेकरू. माझं सामान बांधायला रेणूकाकू स्वतः आल्या. "तुझ्यामुळे झालं हो सगळं," म्हणून त्यांनी मला पेढा भरवला.

काल बोरिवलीला खोली बघायला गेले होते. मालकांनी विचारलं, "काय करता?" मी सरळ सांगितलं, "पिते."

घर नाही मिळालं. पण त्यांचं पडलंही नाही.