डब्यावरची एकशे तीस मिनिटं

नौदलाच्या डायव्हिंग टीममध्ये मी चीफ होतो तेव्हा आमची ड्यूटी उत्तरेतल्या एका थंडगार तलावावर लागली. एका बोटीचं इंजिन तळाशी गेलं होतं, ते काढायचं होतं. समुद्र सोडून नौदल तिकडे काय करत होतं, असं इथं संभाजीनगरात लोक मला अजून विचारतात.

टीममध्ये फुलंब्रीकडचा भानुदास होता. घरी मेंढरं. नौदलात येण्याआधी त्याला पाणी विहिरीपुरतंच ठाऊक, पण त्याच्याइतका शांत डायव्हर मी पाहिला नाही. मी करमाडचा, त्यामुळे दोघं बसलो की गावची बोली सुटायची. भाकरी मिळत नाही म्हणून तो रोज कुरकुरायचा आणि मी त्याला रोज चिडवायचो. फार चांगले दिवस होते ते.

आम्ही रीब्रीदर वापरायचो. त्यात आपलाच श्वास फिरून आपल्याकडे येतो आणि डब्यातला चुना त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. चुना संपला की तो वायू साचतो, डोकं जड होतं, धाप लागते. ऑक्सिजन किती उरला ते गेज दाखवतं. चुना किती उरला ते आमच्या सेटवर काहीच दाखवत नसे, अंदाज बांधावा लागे. डबा तीन तासांचा. प्रत्येक डाइव्हनंतर उरलेली मिनिटं डब्यावरच्या टेपवर लिहायची, ही आमची पद्धत. अर्धा डबा फेकणं म्हणजे ताटात अन्न टाकल्यासारखं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी भानुदास पन्नास मिनिटं खाली होता. मी टेपवर १३० लिहिलं. थंड पाण्यात, जड कामात चुना लवकर संपतो, हे नव्या डायव्हर्सना मीच शिकवायचो. तरी मी सरळ वजाबाकी केली.

दुपारी दोनला, म्हणजे १४०० वाजता, तो पुन्हा उतरला. चाळीस मिनिटांनी फोनच्या तारेवर त्याचा आवाज आला.

"चीफ, डोकं लई जड झालंय. इंजिनाला दोर बांधतो अन् येतो."

टेपच्या हिशेबानं अजून नव्वद मिनिटं होती.

"बांध," मी म्हणालो.

दोन मिनिटांनी नुसती धाप ऐकू आली. बेलआउट घे, म्हणजे राखीव सिलिंडरवर श्वास घे, आणि वर ये, असं मी तीनदा सांगितलं. उत्तर नाही. स्टँडबाय डायव्हरनं त्याला वर आणलं तेव्हा १४५१ झाले होते. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. भानुदास गेला.

चौकशीत मी सांगितलं की आकडा माझा होता आणि 'बांध' हा हुकूमही माझाच. त्यानंतर फुलंब्रीला त्याच्या आईकडे गेलो. तिनं एकच विचारलं.

"लेकरा, त्याला तरास झाला का रं?"

"नाय आई. झोप लागावी तसा गेला."

ती धाप तेव्हाही माझ्या कानात होती, आजही आहे. दरवर्षी त्या तारखेला मी तिच्याकडे जातो. भानुदासचा माझ्यावर किती भरवसा होता, ते ती माझा हात धरून सांगत बसते. तिला खरं मी अजून सांगितलेलं नाही.