दत्तारामची रजा आणि न आलेलं वादळ

दत्तारामचा फोन तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी स्क्रीनवर 'योग्य माहिती, योग्य माणसाला, योग्य वेळी' ही स्लाइड दाखवत होतो. समोर आमचे बॉस मेननसाहेब आणि क्लायंटचा सेफ्टी मॅनेजर बसले होते. आधीचे दोन फोन मी कट केले होते. हाही केला.

दत्ताराम तेव्हा कुवेतच्या विमानतळावर उभा होता आणि त्याला देशाबाहेर सोडत नव्हते. त्याच्या मुलीचं लग्न रविवारी राजापूरजवळच्या गावी होतं. तो गुरुवार होता.

आमच्या कंपनीत ही हकिकत 'महमूदची चूक' म्हणून सांगतात. ती तशी नाही. मी आता रिटायर झालो आहे, कोणी माझं काही वाकडं करू शकत नाही. त्यामुळे हे लिहिण्यात धाडस वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी प्लॅनिंग इंजिनिअर होतो. आमची कंपनी क्रेनने अवजड यंत्रं उचलून जागेवर बसवून देते. ऑफिस कुवेतच्या राई भागात, शोरूम आणि गॅरेजांच्या गर्दीत. कामं बहुतेक मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीच्या बाजूला. वारा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की क्रेन चालवता येत नाही. टांगलेला माल शिडासारखा हलायला लागतो. कुवेतमध्ये वारा आणि धूळ जोडीनेच येतात, आणि अशा दिवशी सकाळी माझा अर्धा वेळ 'आज काम आहे की नाही' हे फोनवर सांगण्यात जाई.

एकदा मेननसाहेब म्हणाले, "वैद्य, या वयात तुम्ही किती ओरडता. काहीतरी डिजिटल करा."

मी केलं. हल्ली कोड न लिहिता अशी कामं करता येतात. एका वेबसाइटवर चौकोन असतात, ते एकमेकांना जोडायचे. पहिला चौकोन ट्रिगर, म्हणजे 'असं झालं की'. दुसरा ॲक्शन, म्हणजे 'तसं कर'. माझा ट्रिगर होता हवामानाचा अंदाज: अमुक दिवशी वारा मर्यादेबाहेर जाणार. ॲक्शन होती कॅलेंडर: त्या दिवशीचं सगळं उचलून पुढच्या कामाच्या दिवसावर टाक आणि सर्वांना मेल कर. इंजिनिअर म्हणून आयुष्यभर लोखंड जोडलं, पण या दोन चौकोनांनी जेवढा आनंद दिला तेवढा कशानेच दिला नाही.

तिसरा चौकोनही मिळत होता. फिल्टर, म्हणजे 'पण हे वगळ'. तो फुकटच्या प्लॅनमध्ये नव्हता.

मेननसाहेबांनी विचारलं, "फिल्टरने काय वगळायचंय?"

"सध्या तरी काही नाही, साहेब."

"मग काही न वगळण्याचे पैसे कशाला भरायचे?"

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. क्रेनचं एक भाडं जेवढं असतं तेवढ्यात तो प्लॅन काही वर्षं चालला असता, हे मला माहीत होतं. पण फुकटात केलं म्हणजे जास्त हुशारीने केलं, असं मानणाऱ्यांतला मी आहे.

'सध्या तरी काही नाही' हे खरं नव्हतं. महमूद आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणारा माणूस. इजिप्तचा. काही महिन्यांपूर्वी मीच त्याला सांगितलं होतं, "रिगर लोकांच्या रजाही साइटच्याच कॅलेंडरमध्ये टाकत जा. कोणत्या दिवशी किती माणसं आहेत ते मला एका नजरेत दिसेल." रिगर म्हणजे क्रेनला माल बांधणारे. हे मी त्याच्या टेबलापाशी उभं राहून बोललो आणि विसरलो. तो विसरला नाही. सिस्टीम सुरू झाली तेव्हा मी आणखी एक फर्मान काढलं: तोंडी निरोप बंद, फोन करून विचारणं बंद. कॅलेंडरमध्ये असेल तेच अंतिम.

दत्ताराम आमचा सगळ्यात जुना रिगर. रजेच्या महिनाभर आधी तो हळदकुंकू लावलेली पत्रिका घेऊन ऑफिसात आला.

"साहेब, तुम्ही काय येणार नाय, ठाऊक आहे. पण पत्रिका घ्या."

"तू वेळेवर पोच म्हणजे झालं."

"मी नाय पोचलो तर कन्यादान कोण करील? क्रेन?"

आम्ही दोघंही हसलो.

त्या आठवड्यात मंगळवारी अंदाज आला: गुरुवारी जोराचा वारा, धूळ. सिस्टीमने गुरुवारचं सगळं उचललं. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून सगळं रविवारवर टाकलं. मेल गेले. लोकांनी कौतुक केलं. गुरुवारपासूनची दत्तारामची रजाही रविवारवर गेली. वाऱ्यामुळे माणसाची रजा पुढे जाते, हे सिस्टीमला विचित्र वाटलं नाही.

आता कुवेतमधून बाहेर जायला परदेशी कामगाराला कंपनीने मंजूर केलेला एक्झिट परमिट लागतो. अर्ज मोबाईलवर करायचा असतो. आमच्या रिगर लोकांचे अर्ज महमूदच त्यांच्या मोबाईलवर भरून देई. बुधवारी त्याने दत्तारामचा भरला. तारीख कॅलेंडरमधून घेतली: रविवार. कॅलेंडरमध्ये असेल तेच अंतिम. दत्तारामने मंजुरीची हिरवी खूण पाहिली आणि बॅग भरायला गेला.

गुरुवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सेफ्टी मॅनेजर खिडकीतून बघत म्हणाला, "तुमचं वादळ कुठे आहे?"

"आमची सिस्टीम सावध आहे," मेननसाहेब म्हणाले.

मी स्लाइड पुढे केली आणि कॅलेंडर उघडलं. गुरुवार रिकामा, रविवार ठासून भरलेला. त्या गर्दीत एक हिरवा चौकोन होता: दत्ताराम, रजा. मला तेव्हा सगळं समजलं. फोन कशासाठी येत होते तेही.

परमिट दुरुस्त करणं अवघड नव्हतं. महमूद शेजारच्या खोलीत होता. मंजुरी द्यायचा अधिकार मेननसाहेबांना होता आणि ते माझ्यासमोर बसले होते. 'साहेब, एक चूक झालीय' एवढं म्हणायचं होतं. विमान सुटायला अजून वेळ होता.

मी स्क्रीन थोडी खाली सरकवली. हिरवा चौकोन दिसेनासा झाला.

तेवढ्यात दार उघडून महमूदने डोकं आत घातलं. "बाशमुहंदिस, एक मिनिट. दत्ताराम..." इजिप्तचे लोक इंजिनिअरला असं मानाने म्हणतात.

मी हात हलवला. "नंतर."

तो माझ्याकडे बघत दारात क्षणभर थांबला. मेननसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. तो गेला.

डेमो फार चांगला झाला. सेफ्टी मॅनेजरने हात मिळवला. मग मी फोन घेतला.

"साहेब, गेट बंद झालं," दत्ताराम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आता काय करू सांगा."

संध्याकाळपर्यंत महमूदने नवीन परमिट करून दिला. लग्नसराई, सगळी विमानं भरलेली. तिकीट मिळालं ते शनिवारी रात्रीचं. मुंबईहून गाडी करून तो गावी पोचला तेव्हा रविवारची संध्याकाळ झाली होती. कन्यादान त्याच्या धाकट्या भावाने केलं. मुलगी सासरी निघून गेली होती.

पुढच्या आठवड्यात मेननसाहेबांनी मीटिंग घेतली. "क्रेनच्या कॅलेंडरमध्ये रजा कशी आली?"

"महमूद टाकतो," मी म्हणालो.

हे वाक्य शब्दशः खरं होतं. म्हणूनच ते इतकं सहज आलं.

"कोणी सांगितलं होतं?" मेननसाहेबांनी त्याला विचारलं.

महमूदने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत तारीख लिहायला लागलो. "आणि क्लायंटसमोर दार उघडून आत येतोस," मेननसाहेब म्हणाले. त्याला वॉर्निंग मिळाली, त्या वर्षीची पगारवाढ गेली, आणि काही महिन्यांत तो दुसरीकडे गेला. मला डिजिटल उपक्रमाबद्दल काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं.

दत्ताराम परत आला तेव्हा त्याने लग्नाचे लाडू आणले. "महमूदने घोळ घातला म्हणे, साहेब. जाऊ दे, गरीब माणूस." मी लाडू घेतला.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी मेननसाहेबांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "वैद्य, आता कशाला? क्लायंटला सिस्टीम आवडलीय."

मग महमूदला फोन केला. तो म्हणाला, "मला वाटलं होतं, मीटिंगमध्ये तुम्हीच बोलाल. तुम्ही वयाने मोठे. मी वाट बघत होतो."

दत्तारामला सांगायला मला आणखी काही आठवडे लागले. पुण्याहून फोन केला.

"म्हणजे मी विमानतळावरनं फोन करत होतो, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि महमूदला मी शिव्या घातल्या." मग म्हणाला, "साहेब, त्याचा नंबर द्या मला."

मी दिला. त्याने माझ्याशी आणखी काही न बोलता फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा फोन केला. तो उचलत नाही. महमूदकडून कळलं की ते दोघं आता अधूनमधून बोलतात.

तरुण इंजिनिअर मला अजूनही विचारतात, ऑटोमेशन करताना काय काळजी घ्यावी. चौकोन कसे जोडायचे ते कोणीही शिकवेल. मी एवढंच सांगतो: 'सिस्टीमची चूक' किंवा 'क्लार्कची चूक' असं ऑफिसात ऐकू आलं, की सिस्टीम कोणी बसवली ते विचारा. तो माणूस बहुधा त्याच खोलीत गप्प बसलेला असतो.